शशीकाकांचा काळा भुंगेरा

आमच्या आणि शशीकाकांच्या घरामध्ये एकच भिंत आहे, आणि ती शंभर वर्षांपूर्वी बांधणाऱ्या वेल्श गवंड्याचं त्या दिवशी कामात लक्ष नव्हतं. त्यामुळे सुप्रभाकाकूंची फोडणी कधी करपली, काकांनी औषधाची गोळी घेतली की खिडकीतून टाकली, आणि बर्मिंगहॅमहून त्यांच्या लेकीचा, इरावतीचा, फोन आला की आधी कोण चिडलं, हे मला कान न लावता कळतं. माझी बायको शिल्पा म्हणते, "तू कान लावतोस." बायको आहे, म्हणणारच.

मी नंदू. कार्डिफच्या युनिव्हर्सिटीत आयटी हेल्पडेस्कवर बसतो. गेली अठरा वर्षं "बंद करून परत चालू करा" हे एकच वाक्य लोकांना वेगवेगळ्या आवाजांत सांगतो आणि त्यावर माझं घर चालतं. उरलेल्या वेळात शेजारधर्म पाळतो, म्हणजे इकडचं तिकडे करतो.

शशीकाका मूळचे मिरजेचे. चाळीस वर्षांपूर्वी इथे आले आणि एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये लागले. काम एकच. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि काचपट्टीवरच्या हजारो पेशींमधून बिघडलेली एखादी शोधायची. एकतीस वर्षं त्यांनी हे केलं. समोरून हत्ती गेला तरी ज्यांना कळायचं नाही, त्यांना काचपट्टीवरचा केसाएवढा डाग मात्र बरोब्बर दिसायचा. काकू वेंगुर्ल्याच्या. लग्नानंतर त्यांनी या मिरजेच्या माणसाला बांगडा खायला शिकवलं, आणि काका तो लॅबमधल्या चिमट्याने काटे काढून खाऊ लागले. काढलेले काटे ताटाच्या कडेला ओळीत, लांबीप्रमाणे लावून ठेवायचे. आम्ही जेवायला गेलो की मी म्हणायचो, "काका, रिपोर्ट कधी मिळणार?"

त्यांच्या लॅबमध्ये एम्रिस नावाचा पोर्टर होता. त्याने काकांना टाफ नदीवर नेलं आणि फ्लाय फिशिंगचा नाद लावला. गळावर किडा लावायचा नाही. दोरा, पिसं, फोम असलं काहीबाही बांधून किड्याचं सोंग, म्हणजे फ्लाय, करायचं, ते पाण्यावर अलगद टाकायचं आणि ट्राउटला फसवायचं. पकडलेला मासा परत सोडायचा, असा त्यांच्या क्लबचा नियम. एम्रिस गेला, नाद राहिला. वीस वर्षं काका नदीवर जात होते आणि वीस वर्षं घरात त्या नदीतला एकही मासा आला नव्हता. काकूंचं यावरचं भाषण भिंतीपलीकडून ऐकून मला पाठ झालंय. "आमच्याकडे माणसं होडी घेऊन जायची ती टोपली भरून यायची. आमचे हे जातात, माशाला हात लावून नमस्कार करून येतात. मी आपली सुपरमार्केटात बर्फातले बांगडे शोधते."

दोन वर्षांपूर्वी काकांच्या डोळ्यांचं सुरू झालं. पडद्याचा मधला भाग झिजत चाललाय, दोन्हीकडचा. औषध नाही, ऑपरेशन नाही. आय क्लिनिकमधल्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं की दर सहा महिन्यांनी या, आपण पाहत राहू. हातात चौकोनांचा एक कागद दिला. तो काकूंनी फ्रिजवर लावला. रोज सकाळी काका एक डोळा झाकून त्यासमोर उभे राहतात आणि मधल्या ठिपक्याकडे बघतात. रेघा वाकड्या झाल्या किंवा चौकोन नाहीसे झाले तर कळवायचं. कळवून काय होणार, ते त्या बाईंनी सांगितलं नाही.

"आज किती गेले?" मी एकदा दूध परत द्यायला गेलो तेव्हा विचारलं.

"चार. परवा ठिपका होता, आज तोच नाही."

"काका, बंद करून परत चालू करून बघा."

"केलं. रात्रभर बंद होते." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "नंदू, तुझे कान दिसतायत. तोंड दिसत नाही."

"बरं झालं की."

"ऐकू मात्र येतं," काकू गॅसपाशी म्हणाल्या.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण ऑगस्टमध्ये एका दुपारी कुंपणाशी उभे असताना काका अचानक म्हणाले, "नंदू, मला एकदा ते ठिपके बघायचेत."

"कुठले?"

"ट्राउटच्या अंगावरचे. लाल असतात. भोवती फिकट कडा. अगदी पेशीसारखं दिसतं, मध्ये केंद्र आणि भोवती मोकळी जागा." बोलताना ते हवेत बोटाने गोल काढत होते. "एकतीस वर्षं ठिपक्यांत वाईट शोधत बसलो. हे तेवढे ठिपके असे होते की त्यांत काही शोधायचं नसायचं. नुसते बघायचे. अजून कडेने थोडं दिसतं. पुढच्या वर्षी काही खरं नाही."

मी काहीतरी चटकदार बोलायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. माझ्या बाबतीत हे वर्षातून एकदा होतं.

आता अडचणी मोजा. काकांची गाडी चालवणं बंद झालं होतं. ट्राउटचा सीझन तीस सप्टेंबरला संपतो, तो थेट मार्चमध्ये उघडतो. आणि बँक हॉलिडेला आलेल्या इरावतीने भर जेवणात फर्मान काढलं होतं, की बाबाची नदी बंद. मुलगी जन्मली इथेच, मराठी बोलते प्रेमाने आणि व्याकरणाशी भांडून. माझ्याकडे वळून म्हणाली, "नंदूकाका, तुम्ही बाबाला एन्करेज करता आणि मी तिकडे वरी करते. तो नदी खूप फास्ट आहे. बाबाला दगड दिसत नाही. ही वोन्ट सी अ थिंग."

"मी असतो ना बरोबर."

"तुम्ही बोलत असता."

शेवटी तह झाला. पाणी गुडघ्याच्या खाली. मी मागून काकांच्या कमरेचा पट्टा धरून उभं राहायचं. आणि एक ऑक्टोबरला रॉड बर्मिंगहॅमला जाणार, तिच्या कपाटात. काका तिथेच बसले होते. पोळीचा तुकडा आमटीच्या वाटीच्या बाहेर बुडवत म्हणाले, "ठीक आहे."

काकांना बारीक फ्लाय आता दिसणं शक्यच नव्हतं. म्हणून त्यांनी भुंगेरा निवडला. उन्हाळ्याच्या शेवटी नदीकाठच्या आल्डरच्या झाडांवरून काळे भुंगेरे टपाटप पाण्यात पडतात आणि ट्राउट खाली तोंड वासून बसलेले असतात. काळ्या फोमचा भुंगेरा बुडत नाही, आणि त्याच्या पाठीवर भडक रंगाचा तुकडा बांधला की लांबूनही दिसतो. काकांना नाही, मला. माझं काम एवढंच होतं, की तो रंगीत ठिपका पाण्यावरून गायब झाला की "घे!" म्हणून ओरडायचं. काका हात उचलणार. त्यांचे हात आणि माझे डोळे. शिल्पा म्हणाली, "म्हणजे दोघांत मिळून एक माणूस, तोही फारसा बरा नाही."

सप्टेंबरचे तीन शनिवार आम्ही गेलो. पहिल्या शनिवारी मी वाळक्या पानाला "घे!" म्हणालो. दुसऱ्या शनिवारी एका बदकाला. तिसऱ्या शनिवारी खरंच एका माशाने भुंगेरा घेतला, तेव्हा मी काकांना आमच्या हेडच्या घटस्फोटाची गोष्ट रंगात येऊन सांगत होतो. ठिपका गेला, परत आला, मग मी ओरडलो.

"आता कशाला ओरडतोस?" काका म्हणाले.

"काका, त्या बाईने त्याला कुत्रंसुद्धा ठेवू दिलं नाही हो."

काका हसले, पण पट्टा माझ्या हातात होता आणि त्यांचा श्वास खाली गेलेला मला मुठीत कळला. उरलेले भुंगेरे मी "थोडं डावीकडे, अजून डावीकडे" करत झाडांना वाहिले. आल्डरच्या फांद्यांवर काकांचे पाच भुंगेरे लटकत होते, जत्रेतल्या नवसाच्या बाहुल्यांसारखे. फोम संपला. आणि तीस तारखेला चार दिवस राहिले.

"मागवायचा का ऑनलाइन?" मी विचारलं.

"शुक्रवारी येईल. बुधवारी सीझन संपतो." मग म्हणाले, "नंदू, मंडळाच्या मखरात काळा फोम वापरतात ना तुम्ही?"

वापरतो. आमच्या मंडळाचा गणपती कम्युनिटी हॉलमध्ये बसतो, आणि फोमच्या शीटा कापून त्याचं मखर होतं. खांब, कमानी, झेंडूच्या माळा, सगळं फोमचं. विसर्जन होऊन आठवडा झाला होता आणि सगळं सामान माझ्याच गॅरेजमध्ये पडलेलं होतं, कारण सजावट समितीवर मी स्वतःला नेमून घेतलंय. मी शोधलं तर काळ्या शीटचा एकही तुकडा उरला नव्हता. उरला होता तो मूषक. समितीतल्या वैभवीताईंनी तीन रविवार खपून केलेला, काळाभोर, गुबगुबीत. मी त्याला उलटा केला आणि पोटाखालून, जिथे कोणी बघत नाही तिथून, बोटभर पट्टी कापून घेतली. माळेतला एक केशरी झेंडूही तोडला. वैभवीताईंना हे पुढच्या भाद्रपदात कळेल तेव्हा मी सुट्टीवर असेन.

आता राहिलं अंग. भुंगेऱ्याच्या पोटाला मोरपिसाचे तंतू गुंडाळतात, हिरवे-निळे चमकतात म्हणून. काकांकडचं मोरपीस संपलेलं. मात्र काकूंच्या देवघरात बाळकृष्णाच्या मागे एक होतं, आणि गेल्या काही वर्षांत त्या मोरपिसाला हळूहळू टक्कल पडत चाललं होतं. काकू हवेला दोष द्यायच्या, हीटिंगला द्यायच्या. मला भिंतीपलीकडून खरं काय ते माहीत होतं, पण असली माहिती योग्य वेळेसाठी राखून ठेवायची असते.

रविवारी संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलाला काकांनी आपला छोटा शिकंजा लावला. त्याच्या चिमट्यात गळ अडकवला. गळाचं टोक बोटाने चाचपलं, टोचलं, समाधान झालं. मग काळा दोरा गळाच्या दांडीवर मागेपर्यंत गुंडाळत नेला. मी शेजारी बसून बघत होतो. ते टेबलाकडे बघतच नव्हते. मान डावीकडे वळवून भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होते, आणि बोटं आपलं काम करत होती. एरवी चहाचा कप शोधताना चारदा चाचपडणारी ती बोटं इथे एकदाही अडली नाहीत.

फोमची पट्टी एका टोकाने गळाच्या मागच्या बाजूला बांधली. मग मोरपिसाचे तीन तंतू. ते तंतू दांडीभोवती दाट गुंडाळत पुढे आणले, की झालं पोट. मग मागे लोंबणारी पट्टी पोटावरून पुढे दुमडली, ताणून धरली आणि डोक्यापाशी दोऱ्याने आवळली. एका क्षणात पाठ आली. भुंगेऱ्याचं पाठीचं टरफल असतं ना, तसं.

"फोम मऊ लागतोय," काका म्हणाले.

"गणपतीचा आहे, मऊच असणार," मी म्हणालो. यापेक्षा मूर्ख वाक्य मी आयुष्यात बोललो नसेन, पण ते मला बुधवारी कळलं.

बाजूने सहा पाय म्हणून जाड दोऱ्याचे तुकडे. पाठीवर झेंडूची केशरी पाकळी, तांदळाच्या दाण्याएवढी. गाठ. गोंदाचा एक थेंब. काकांनी तो गळ सोडवून तळहातावर घेतला आणि डोळ्यांच्या कडेपाशी नेऊन उजवी-डावीकडे फिरवला.

"दिसतो?"

"पाय दिसतायत."

तेवढ्यात काकू देवघरातून बाहेर आल्या. हातात मोरपिसाचा दांडा. वर एकच डोळा उरला होता, बाकी सगळं साफ. त्यांनी दांडा टेबलावर ठेवला, भुंगेऱ्याकडे पाहिलं, काकांच्या तिरक्या मानेकडे पाहिलं. मी माझं बोलणं तयार करून बसलो होतो. पण काकू एवढंच म्हणाल्या, "पुरलं का?"

"एकाला पुरलं," काका म्हणाले.

बुधवारी मी हाफ डे टाकला. काकूंनी डब्यात थालीपीठ दिलं आणि दारातून सवयीने ओरडल्या, "आज तरी काहीतरी आणा हो!" गेली वीस वर्षं त्या हे म्हणतायत, आणि काका वीस वर्षं न वळता हात हलवतायत.

ऊन होतं. सप्टेंबरअखेरीला वेल्समध्ये असं ऊन पडलं की माणसं एकमेकांकडे संशयाने बघतात. टाफचं पाणी चहासारखं तपकिरी आणि खाली गोटे. आम्ही काठावर बसून थालीपीठ खाल्लं. काकांनी दोरीचं टोक माझ्यापुढे धरलं. भुंगेऱ्याच्या गळाला सुईच्या नेढ्याएवढं भोक असतं, त्यात ते ओवायचं. मी चष्मा नाकावर सरकवला, जीभ बाहेर काढली, आणि नवव्या वेळेला ओवलं. काका गाठ मारताना म्हणाले, "लॅबमध्ये तुला ठेवला असता तर आख्खं साउथ वेल्स आजारी पडलं असतं."

मग पाण्यात उतरलो. काका पुढे, मी मागे, मुठीत पट्टा. गुडघ्याच्या खाली. समोर बारा-पंधरा पावलांवर आल्डरची फांदी पाण्यावर ओणवली होती, आणि तिच्या सावलीत मध्येच पाणी फुगून गोल फुटत होतं.

"आहे?" काकांनी विचारलं.

"आहे. वर येऊन खातोय."

"किती अंतर?"

"आपल्या दोन गाड्या उभ्या राहतील एवढं. माझी आणि... तुमची जुनी."

पहिल्यांदा टाकला तेव्हा भुंगेरा फांदीच्या अलीकडे टपकन पडला. केशरी ठिपका झकास दिसत होता. दुसऱ्यांदा जरा पुढे. ठिपका दिसत होता, पण पाण्याला टेकलेला वाटला. तिसऱ्यांदा काकांनी हात असा काही फिरवला की दोरी फांदीखालून सरपटत गेली आणि भुंगेरा बरोब्बर त्या सावलीत पडला. ज्याला समोरचा माणूस दिसत नाही त्याने टाकलेला तो भुंगेरा बघून मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या, पण हातात पट्टा होता.

आणि ठिपका दिसेना.

मासा नव्हता. पाणी हललंच नव्हतं. नुसता ठिपका गेला होता. मी चष्मा काढला, लावला.

"नंदू?"

"काका, मार्क दिसत नाहीये."

"घेतला?"

"नाही. बुडाला वाटतं."

"फोम बुडत नाही."

मला मूषकाचं गुबगुबीत पोट आठवलं. वैभवीताईंनी तिथे भांडी घासायला वापरतात तसला स्पंज काळा रंगवून लावला होता, गुबगुबीत दिसावा म्हणून. "काका," मी म्हणालो, "तो फोम नसावा. स्पंज असावा बहुतेक. मूषकाचं पोट होतं ते."

सीझनचा शेवटचा दिवस, शेवटचा भुंगेरा, मोरपीस संपलेलं, आणि तो पाणी पिऊन तळाशी निघालेला. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या फजितीच्या गोष्टी सांगतोय. ही मी कोणाला सांगणार होतो?

मग पट्टा माझ्या मुठीत ताठ झाला. काकांनी हात उचलला होता. मी ओरडलो नव्हतो, पाणी हललं नव्हतं, त्यांच्या डाव्या हाताच्या बोटांतून जाणारी दोरी केसभर सरकली होती, आणि त्यांना ती कळली होती. रॉड वाकला. सावलीतून काहीतरी पिवळं वळलं.

"आहे!" काका म्हणाले. असा आवाज मी भिंतीपलीकडून कधी ऐकला नव्हता.

पुढची दोन मिनिटं मी काय केलं ते विचारू नका. जाळं माझ्या पाठीला अडकलं होतं, ते काढताना मी गुडघ्यांवर आपटलो, पण पट्टा सोडला नाही, आणि शेवटी मासा जाळ्यात आला तो मी धरला म्हणून नाही, त्यालाच कंटाळा आला म्हणून. वीतभर आणि वर चार बोटं. भुंगेरा जबड्याच्या कोपऱ्यात, फुगून दुप्पट झालेला.

काकांनी मला शंभर वेळा शिकवलेलं आहे. हात ओले करायचे. मासा पाण्याबाहेर काढला की आपला श्वास रोखायचा. आपल्याला हवा लागली, की त्यालाही पाणी लागलं. तेवढाच वेळ. लगेच पाण्यात.

त्यांनी हात ओले केले, गळ काढला, श्वास रोखला आणि मासा वर उचलला. मान डावीकडे वळवली, मासा उजव्या कडेला आणला. मग मान उजवीकडे, मासा डावीकडे. ऊन त्याच्या अंगावर पडलं होतं आणि मला सगळं दिसत होतं, लोण्यासारखं पिवळं पोट, लाल ठिपके, फिकट कडा.

"शेपूट दिसतंय," काका म्हणाले. म्हणजे त्यांनी श्वास सोडला होता. "डोळा दिसतोय. मधलं... थांब." त्यांनी मासा जरा वर धरला. परत खाली. "इथून एक दिसला वाटतं. लाल. नंदू, लाल आहे ना?"

"लाल आहे."

"किती आहेत? तू सांग. मोज."

मी मोजायला लागलो. तीन, चार, सहा. मासा जबडा उघडत होता, मिटत होता. काकांनी आणखी एक श्वास घेतला, मग आणखी एक. मला एकच शब्द बोलायचा होता, "सोडा". दिवसाला दहा हजार शब्द बोलणारा माणूस मी. लिफ्टमध्ये अनोळखी लोकांना शिल्पाच्या आईच्या गुडघ्याबद्दल सांगतो. पण त्या माणसाची मान डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत होती, आणि तो शब्द माझ्या तोंडातून आला नाही. मी म्हणालो, "सात. आठ. थांबा, हे परत मोजलं."

काकांनाच कळलं. हात एकदम पाण्यात गेले. मासा त्यांनी प्रवाहाकडे तोंड करून धरला, पोटाखाली तळहात, जसा धरायचा तसा. "चल," त्याला म्हणाले. "चल रे बाबा." कल्ले हलले. हात सैल केला तर तो कुशीवर झाला. परत सरळ केला. परत कुशीवर. आम्ही दोघं वाकून उभे, मी एका हाताने पट्टा धरलेला. काकांचे हात थंडीने पांढरे पडले. माझ्या मोबाईलवर इरावतीचा मेसेज वाजला, "ऑल ओके?", आणि मी तो तसाच ठेवला. वीस मिनिटांनी काका सरळ झाले.

"गेला ना?"

"हो."

ते काठावर दगडावर बसले. मासा मांडीवर, रुमालात. क्लबच्या नियमाप्रमाणे मेलेला मासाही नदीतच सोडायचा असतो, ते मला माहीत होतं. मग म्हणाले, "वीस वर्षांत एकही मेला नव्हता माझ्या हातात. डबा रिकामा आहे?"

"आहे."

"त्यात ठेव. नियम मोडला, ते मी कळवीन."

गाडीत मी चार वेळा तोंड उघडलं. चारही वेळा इंडिकेटर लावून भागवलं.

काकूंनी डबा घेतला, नेहमीसारखा धुवायला म्हणून उघडला, आणि तशाच उभ्या राहिल्या. बोलायची संधी त्यांना वीस वर्षांनी मिळाली होती. मी वाट बघत होतो. त्यांनी काकांच्या ओल्या बाह्यांकडे पाहिलं, त्यांना टॉवेल दिला, आणि मासा घेऊन सिंकपाशी गेल्या.

काकांनी मला लॅपटॉप उघडायला लावला. क्लबच्या सेक्रेटरीला पत्र सांगितलं, मी टाइप केलं. आज एक ट्राउट माझ्या हातून मेला, मी तो जास्त वेळ पाण्याबाहेर धरला, घरी आणला, दिलगीर आहे. डोळ्यांबद्दल एक अक्षर घालू दिलं नाही. मी हळूच घातलेलं वाक्य त्यांनी वाचून दाखवायला लावलं आणि पुसायला लावलं.

सिंकपाशी नळ बंद झाला. "सतरा," काकू म्हणाल्या.

"काय?"

"ठिपके. या बाजूला सतरा, त्या बाजूला पंधरा. एक अर्धवट आहे शेपटीपाशी."

"कडा आहेत?" काकांनी विचारलं.

काकूंनी मासा खिडकीच्या उजेडात धरला. "आहेत. फिकट. निळसर म्हणायच्या का? हो, निळसरच."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

काका मान हलवत राहिले. काकूंनी हळद, तिखट, मीठ लावलं, रव्यात घोळवला. शिल्पा तेलाच्या वासाने आलीच. मासा तव्यावर असतानाच सेक्रेटरीचं उत्तर आलं. मी मोठ्याने वाचलं: असं होतं, मनाला लावून घेऊ नका, कळवलंत त्याबद्दल आभार. त्याखाली आणखी एक ओळ होती, मार्चमध्ये नदीवर भेटूच. ती मी वाचली नाही. लॅपटॉप मिटला. माझ्या आयुष्यात कळलेली आणि न सांगितलेली ती एकच बातमी.

मासा एवढासा, चार जणांत काय पुरणार. काकूंनी तो सगळा काकांच्याच ताटात वाढला. ट्राउटचे काटे केसासारखे असतात. काकांनी बोटांनी चाचपून एक घास तोंडात घातला आणि चावता चावता थांबले. काकू उठल्या. फ्लाय बांधायच्या पेटीतून त्यांनी लॅबचा तो चिमटा आणला, धुतला, काकांच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि काटे काढायला लागल्या. काढलेला प्रत्येक काटा ताटाच्या कडेला ठेवत होत्या, ओळीत, लांबीप्रमाणे. काका त्या ओळीवरून बोट फिरवून बघत होते.

मी आणि शिल्पा वरणभात खात होतो.

"एक राहिला," काका म्हणाले. तोंडातून काटा काढून त्यांनी कडेला ठेवला. तो ओळीच्या बाहेर पडला. काकूंनी चिमट्याने उचलून तो आपल्या जागी लावला.